केस पेपरवरचे प्रश्न

स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया सुरू होण्याच्या सात ते दहा मिनिटे आधी गाठीच्या चारही बाजूंनी लिडोकेन टोचायचे आणि मग नेहमीसारखे ऑपरेशन करायचे. लिडोकेन म्हणजे दाताच्या दवाखान्यात हिरडी बधिर करण्यासाठी देतात तेच औषध. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातील ११ केंद्रांवर १६०० महिलांना सोबत घेऊन ही साधी गोष्ट तपासली. निम्म्या महिलांना इंजेक्शन दिले, निम्म्यांना दिले नाही. बाकीचे उपचार दोन्ही गटांना सारखेच होते. पाच वर्षांनंतर इंजेक्शन न मिळालेल्यांपैकी ८६.४ टक्के महिला हयात होत्या, तर इंजेक्शन मिळालेल्यांपैकी ९०.१ टक्के. २०२३ साली हे निष्कर्ष ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’ या जगन्मान्य नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

शंभर महिलांमागे जवळपास चार जणींचे प्राण वाचण्याची ही शक्यता आहे, आणि तीही कोणत्याही मोठ्या यंत्राशिवाय, कोणत्याही नव्या औषधाशिवाय. एका चाचणीने शेवटचा शब्द लिहिला जात नाही. अशी चाचणी इतर देशांतही व्हायला हवी, ती पुन्हा पुन्हा करून पाहायला हवी. पण मुळात हा प्रश्न विचारला कुणी आणि त्यासाठी पैसे दिले कुणी, हे समजून घेण्यासारखे आहे. लिडोकेनचे पेटंट केव्हाच संपले आहे. त्याचा नवा उपयोग सापडला तरी कोणत्याही कंपनीच्या तिजोरीत भर पडणार नाही, त्यामुळे एकही कंपनी या चाचणीसाठी पुढे आली नसती. खर्च केला तो केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाने, म्हणजे करदात्यांनी.

वैद्यकीय संशोधन म्हटले की परदेशातली प्रयोगशाळा, कोट्यवधींची यंत्रे आणि बड्या औषध कंपन्या डोळ्यांसमोर येतात. या कल्पनेने आपले मोठे नुकसान केले आहे. महाराष्ट्रातील वैद्यकाने जगाला जे दिले, त्यातला फार मोठा भाग वॉर्डातल्या खाटेशेजारी, तालुक्याच्या दवाखान्यात आणि खेडोपाडी फिरून मिळालेला आहे. इथल्या माणसांचे आजार, इथल्या माणसांचे शरीर आणि इथल्या माणसांचा खिसा यांतून उभे राहणारे प्रश्न इथेच विचारले गेले पाहिजेत. ते विचारण्याची क्षमता आपल्याकडे आहे, हे वारंवार सिद्ध झाले आहे. नाही ती व्यवस्था.

याचे सर्वांत ठळक उदाहरण महाडचे आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातला लाल विंचू त्या काळी जीवघेणा होता. सरपण उचलताना, पेंढा काढताना, दगड हलवताना तो डसायचा. धडधाकट तरुण शेतकरी किंवा खेळते मूल काही तासांत फेस येऊन, श्वास कोंडून मरायचे. पुस्तकांत यावर फारसे काही नव्हते. ज्या देशांतून ती पुस्तके येत, तिथल्या डॉक्टरांना हा रुग्ण दिसतच नव्हता.

बावस्करांनी रुग्णाच्या खाटेशेजारी बसून नोंदी घ्यायला सुरुवात केली. रक्तदाब केव्हा चढतो, केव्हा कोसळतो, घाम किती येतो, उलट्या कधी होतात, हातपाय कधी गार पडतात, फुप्फुसात पाणी केव्हा भरते, हे सगळे ते तासातासाने लिहीत गेले. त्या नोंदींतून हळूहळू चित्र स्पष्ट झाले. विंचवाच्या विषामुळे शरीरात ॲड्रेनलिनसारख्या रसायनांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर असह्य ताण पडतो आणि अखेरीस फुप्फुसे पाण्याने भरतात. म्हणजे आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे औषध हवे होते. प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी नेमके तेच काम करत होती. १९८२ मध्ये धोक्याची पूर्वलक्षणे आणि १९८६ मध्ये प्राझोसिनचा उपयोग, असे त्यांचे लेख ‘लॅन्सेट’मध्ये आले. लंडनच्या त्या नियतकालिकाला महाड कुठे आहे, याचा पत्ताही नसेल. पण नोंदी पक्क्या होत्या.

गोष्ट इथे संपली असती तर ती एका हुशार डॉक्टरची गोष्ट राहिली असती. पुढे विंचूदंशावर प्रतिविष उपलब्ध झाले. तेव्हा ‘आपली गोळी चांगली की नवे प्रतिविष’ या वादात न पडता त्यांनी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह रीतसर चाचणी केली. ७० रुग्ण घेतले, चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गट पाडले. ३५ जणांना फक्त प्राझोसिन दिले, ३५ जणांना प्राझोसिन आणि प्रतिविष दोन्ही दिले. दहा तासांत पूर्ण बरे झालेल्यांची संख्या पहिल्या गटात ८ होती, दुसऱ्यात ३२. २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने हे छापले. स्वतः रूढ केलेला उपचार पुरेसा नाही, त्याला जोड दिली तर रुग्ण लवकर उठतो, हे त्याच माणसाने आकड्यांनिशी दाखवून दिले. संशोधकाची खरी कसोटी ती हीच. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, हे उचित झाले. पण पद्मश्रीपेक्षा मोठी गोष्ट अशी, की आज कोकणातल्या लहानशा दवाखान्यातही विंचूदंशाच्या रुग्णाला काय द्यायचे हे माहीत असते.

एका रुग्णाच्या नोंदीतून शास्त्र कसे पुढे सरकते, याचे आणखी जुने उदाहरण मुंबईतले आहे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे रक्त आढळले, की जे तपासणीत ‘ओ’ गटाचे वाटायचे, पण ‘ओ’ गटाच्या रक्ताशीही जुळायचे नाही. अशा अवघ्या तीन व्यक्तींच्या नोंदीवर ‘लॅन्सेट’मधला लेख उभा राहिला. त्यातून ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ जगाला माहीत झाला आणि रक्तगट मुळात कसे तयार होतात, याबद्दलची समज बदलली. या गटाच्या व्यक्तीला फक्त याच गटाचे रक्त चालते. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो. न जुळणारे रक्त बाजूला ठेवून ‘तांत्रिक चूक’ असा शेरा मारणे तेव्हाही सोपे होते.

त्याआधी तीनच वर्षे, १९४९ मध्ये, मुंबईच्याच डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावर होणारा परिणाम ५० रुग्णांवर पद्धतशीर तपासून ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला. सर्पगंधा आपल्या वैद्यांना शतकानुशतके ठाऊक होती. पण ‘ठाऊक आहे’ आणि ‘मोजले आहे’ यांत जे अंतर आहे, ते त्यांनी ओलांडले. त्यानंतर अमेरिकेतील डॉक्टरांनी ते औषध उचलले, सर्पगंधेतून रेसर्पिन वेगळे काढले गेले आणि जगभर उच्च रक्तदाबावर गोळ्या देण्याचे युग सुरू झाले. १९५७ साली वकील यांना अमेरिकेतील प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला. रेसर्पिनमुळे काही रुग्णांना नैराश्य येते, हेही पुढे नोंदींतूनच कळले आणि त्या दुष्परिणामातून मेंदूतील रसायनांचा अभ्यास पुढे गेला. आयुर्वेदाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी आणि त्यावर टीका करणाऱ्यांनी, दोघांनीही हे उदाहरण लक्षात ठेवावे. वनौषधीचा दावा आदराने ऐकायचा आणि मग तो तितक्याच आदराने तपासायचा, हा मार्ग मुंबईच्या डॉक्टराने पाऊणशे वर्षांपूर्वीच घालून दिला आहे.

प्रश्न परका असला की उत्तरही कसे अपुरे पडते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामातून दिसते. मधुमेह हा लठ्ठ, वयस्क माणसांचा आजार, असे पाश्चात्त्य पुस्तके सांगत होती. पुण्याच्या ओपीडीत मात्र तुलनेने सडपातळ आणि तरुण रुग्ण येत होते. याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचे एक छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचाही बीएमआय २२.३ होता. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी सुमारे ९ टक्के होती, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१ टक्के. वजनकाट्यावर सारखे दिसणारे दोन देह आतून किती वेगळे असू शकतात, हे त्या एका छायाचित्राने जगाला पटवले.

त्यामागे बरीच वर्षे चाललेले काम होते. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील महिलांची गर्भारपणाआधीपासून पाहणी सुरू झाली. जन्मलेल्या मुलांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, म्हणजे इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा जवळपास ८०० ग्रॅम कमी. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण त्वचेखालची चरबी मात्र तितक्या प्रमाणात घटलेली नव्हती. हडकुळे दिसणारे बाळ आतून चरबीचा साठा घेऊन जन्माला येत होते. ही मुले सहा वर्षांची झाल्यावर आणखी एक बाब पुढे आली. गर्भारपणात ज्या आईंमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत इन्शुलिनला दाद न देण्याचे प्रमाण अधिक होते. गर्भवतींना फोलिक ॲसिडच्या गोळ्या देणाऱ्या आणि बी-१२चा फारसा विचार न करणाऱ्या देशासाठी हा गंभीर इशारा आहे. मधुमेहाची सुरुवात आईच्या ताटापासून होते, असे म्हणायला आता आधार आहे. तरीही आपल्या गर्भारपणाच्या कार्यक्रमात बी-१२ला अजून योग्य जागा मिळालेली नाही. ही उणीव लवकर दूर व्हायला हवी.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ या संस्थेची स्थापना केली. त्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता आणि यापूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या आठ टक्के. १९८९ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये आले, तोपर्यंत ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे कुटुंबनियोजन आणि बाळंतपण, असेच सरकारी धोरण समजत होते. रुग्णालयात बसून मोजले असते तर हा आकडा कधीच कळला नसता, कारण त्या स्त्रिया रुग्णालयात येतच नव्हत्या.

नवजात बाळांच्या बाबतीत त्यांनी जे केले, ते तर धाडसाचेच होते. गावातल्याच महिलांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. बाळाला ऊब कशी द्यायची, श्वास अडकला तर काय करायचे, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, इतकेच काय, प्रतिजैविकाचे इंजेक्शन कसे द्यायचे, हेही शिकवले. ३९ गावांत ही सेवा दिली, ४७ गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट दिसली. १९९९ मध्ये हे प्रसिद्ध झाल्यावर ‘इंजेक्शन अशिक्षित बाईच्या हातात?’ असे विचारणाऱ्यांना आकड्यांनी उत्तर दिले. २०११ पासून आशा कार्यकर्त्यांनी घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. आज एखादी आशाताई बाळंतिणीच्या घरी येऊन बाळाचे वजन करते, तापमान बघते, त्यामागे गडचिरोलीच्या जंगलातील गावांत केलेली मोजणी आहे. त्या आशाताईंना वेळेवर मानधन मिळत नाही आणि त्यासाठी रस्त्यावर उतरावे लागते, ही महाराष्ट्राला शोभणारी गोष्ट नाही.

आता खिशाचा प्रश्न. कॅन्सरवरची इम्युनोथेरपी ही अलीकडच्या वैद्यकातील मोठी झेप मानली जाते, पण तिचा खर्च बहुतांश भारतीय कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहे. तंबाखू, गुटखा आणि मिश्रीमुळे तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण आपल्याकडे अमाप, आणि त्यांत गरीबच अधिक. टाटा मेमोरियलमधील डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी विचारले, पूर्ण डोस परवडत नसेल तर अगदी कमी डोसाने काही साधते का? निव्होलुमॅब हे औषध त्यांनी दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिले. नेहमीच्या डोसाच्या दहा टक्क्यांहूनही हे कमी. तोंडावाटे घ्यायच्या स्वस्त औषधांच्या जोडीला हा डोस दिल्यावर एक वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. चाचणीत १५१ रुग्ण होते.

या निष्कर्षाची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. कमी डोसाची तुलना पूर्ण डोसाशी झालेली नाही, इम्युनोथेरपी अजिबात न मिळण्याशी झाली आहे. ‘दहा टक्के डोस पूर्ण डोसाइतकाच चांगला’ असे यातून सिद्ध होत नाही. पण ज्याच्या वाट्याला एरवी काहीच आले नसते, त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे. डोस कमी करून पाहण्यात कोणत्या उत्पादकाला रस असेल? म्हणून अशा चाचण्या सरकारी पैशानेच व्हाव्या लागतात. त्याच रुग्णालयातील डॉ. अनिल डिक्रूझ यांची २०१५ सालची चाचणी याच जातीची आहे. तोंडाच्या कॅन्सरच्या सुरुवातीच्या टप्प्यात मानेतल्या गाठी आधीच काढाव्यात की नंतर दिसल्यावर, हा वाद पाच दशके चालला होता. ५०० रुग्णांच्या चाचणीत आधीच काढणाऱ्या गटात तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते, थांबणाऱ्या गटात ६७.५ टक्के. वाद मिटला. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने हे निष्कर्ष छापले आणि जगभरच्या शल्यविशारदांनी आपली पद्धत बदलली. इतके रुग्ण एका ठिकाणी येणे ही आपली शोकांतिका आहे. त्यांच्याकडून काहीच न शिकणे ही त्याहून मोठी शोकांतिका ठरली असती.

मोजण्याची सवय नसली की काय होते, हे कोविडने दाखवले. २०२१ च्या एप्रिलमध्ये किती तरी घरांतली माणसे प्लाझ्मासाठी रात्री-अपरात्री फोन फिरवत होती. बऱ्या झालेल्या दात्यांचे नंबर व्हॉट्सॲपवर फिरत होते. खरे तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्णांवर याची चाचणी २०२० च्या एप्रिल ते जुलैमध्येच केली होती. आजार गंभीर होण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण प्लाझ्मा मिळालेल्यांत १९ टक्के आणि न मिळालेल्यांत १८ टक्के निघाले. म्हणजे काहीच फायदा नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये हे निष्कर्ष ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. तरीही प्लाझ्मा सरकारी उपचार-सूचनांतून वगळला गेला तो मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेने हजारो घरे उद्ध्वस्त केल्यावर. ज्ञान आपल्याच देशातले, आपल्याच रुग्णांवरून मिळालेले, आणि ते वापरायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत नातेवाइकांनी जी धावपळ केली, जे पैसे मोजले, जी आशा बाळगली, त्याचा हिशेब कुणीही मांडलेला नाही.

त्याच काळात ब्रिटनने आपल्या सरकारी रुग्णालयांतल्या हजारो कोविड रुग्णांना एकाच मोठ्या चाचणीत सामावून घेतले आणि जून २०२० मध्येच जगाला सांगितले, की डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त स्टिरॉइड व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी करते. फरक बुद्धीचा नव्हता. प्रत्येक वॉर्डातला डॉक्टर एका साध्या अर्जावर रुग्णाची नोंद करू शकत होता, इतकाच फरक होता.

श्रीमंत देशांचेच उदाहरण कशाला? शेजारच्या श्रीलंकेत विषप्राशनाने मरणारे शेतकरी मोठ्या संख्येने ग्रामीण रुग्णालयांत येत. पोटातले विष शोषण्यासाठी कोळशाची भुकटी वारंवार देण्याचा उपचार प्रचलित होता. तिथल्या तीन रुग्णालयांत ४६३२ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली आणि या भुकटीने जीव वाचत नाहीत, हे २००८ मध्ये स्पष्ट झाले. विदर्भ-मराठवाड्यातील कोणत्याही जिल्हा रुग्णालयात विषबाधेचे रुग्ण कमी नाहीत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली, कित्येकांचा जीव गेला. विधिमंडळात आणि माध्यमांत त्यावर खूप चर्चा झाली. त्या रुग्णांच्या केस पेपरांतून मात्र पुढच्या हंगामातल्या डॉक्टरला उपयोगी पडेल असे किती हाती लागले?

संशोधनाची बाजू मांडताना त्यातली दुखरी जागा झाकून चालणार नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून दीड लाख महिलांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची चाचणी झाली. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक महिलांनी व्हिनेगरसारख्या द्रावणाने तपासणी केली आणि मृत्यूंमध्ये ३१ टक्के घट झाली. उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, सुमारे १ लाख ३१ हजार महिलांचा अभ्यास झाला. तिथे आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. दोन्ही चाचण्यांनी जगातील गरीब देशांना वाट दाखवली. पण तुलनेच्या गटातील हजारो महिलांना वर्षानुवर्षे तपासणी मिळाली नाही. त्या वेळी देशात सरसकट तपासणी नव्हतीच, हे चाचणीकर्त्यांचे म्हणणे. तपासणीचा उपयोग आधीच माहीत होता, मग या महिलांना वाट का पाहायला लावली, हा टीकाकारांचा सवाल. मुंबईतूनच निघणाऱ्या ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये ही टीका सविस्तर छापली गेली.

हा सवाल रास्त आहे. गरीब बाईच्या सहभागातून मिळालेले ज्ञान सर्वांत आधी तिच्या वस्तीत परत गेले पाहिजे. या चाचण्यांचे निष्कर्ष येऊन इतकी वर्षे झाली, तरी महाराष्ट्रातल्या असंख्य महिलांची आयुष्यात एकदाही गर्भाशयमुखाची तपासणी झालेली नाही. चाचणीतल्या बायकांचे ऋण फेडायचे असेल तर ते इथे फेडले पाहिजे.

नियमांचा विचार केला तर परिस्थिती पूर्वीपेक्षा बरीच सुधारली आहे. २००९ पासून प्रत्येक चाचणीची नोंदणी बंधनकारक झाली. २०१९ च्या नव्या नियमांनी चाचणीत इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद केली. आता उरलेले काम व्यवस्थेचे आहे.

पहिली गोष्ट पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांची. एमडी किंवा एमएस करणाऱ्या प्रत्येक रेसिडेंट डॉक्टरला प्रबंध लिहावाच लागतो. मेहनत खरी असते, रुग्ण खरे असतात, पण प्रत्येक जण एकटा, थोड्या रुग्णांवर, बहुधा आधीच उत्तर मिळालेल्या प्रश्नावर काम करतो. परीक्षा झाली की बांधीव प्रत ग्रंथालयाच्या कपाटात जाते. नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ राज्यभरातील वैद्यकीय महाविद्यालयांना जोडते. विद्यापीठाने दरवर्षी पाच-सहा प्रश्न ठरवावेत. फुरसे चावल्यावर प्रतिविषाचा कमीत कमी किती डोस पुरतो? विदर्भातील सिकलसेलच्या बालकाला वारंवार होणाऱ्या वेदना कशाने कमी होतात? उष्माघाताच्या रुग्णाला तालुक्याच्या ठिकाणी लवकर थंड कसे करायचे? एकच प्रश्न वीस महाविद्यालयांनी एकाच पद्धतीने हाताळला, तर त्या वीस प्रबंधांचे मिळून जगाने दखल घ्यावी असे संशोधन होईल. यासाठी नवी इमारत लागत नाही.

दुसरी गोष्ट नोंदींची. सरकारी रुग्णालयांत केस पेपर आजही अनेकदा घाईत खरडलेला असतो, तो सापडेल याची शाश्वती नसते. शंभर खाटांच्या वॉर्डात रात्रपाळीला एकटी परिचारिका आणि एकटा रेसिडेंट असेल तर त्यांना दोष देता येणार नाही. नोंद ठेवायला माणूस लागतो आणि माणसाला पगार लागतो. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात नोंदी आणि आकडेवारी सांभाळणाऱ्यांची कायम पदे भरली पाहिजेत. बढतीसाठी शोधनिबंधांची संख्या मोजण्याची पद्धतही बंद व्हावी. त्या अटीपायी पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा धंदा फोफावला आणि प्रामाणिक अध्यापकांना त्या रांगेत उभे राहावे लागले. दहा पोकळ निबंधांपेक्षा एक नेमकी, खरी केस अधिक मोलाची आहे.

वर्तमानपत्रांचीही यात जबाबदारी आहे. लिडोकेनच्या चाचणीबद्दल ‘मृत्यूचा धोका २९ टक्क्यांनी घटला’ असे लिहिले तरी ते खरे असते आणि ‘शंभरांत जवळपास चार जणी अधिक वाचल्या’ असे लिहिले तरी खरे असते. वाचकाला दुसरे वाक्य हवे असते. एखाद्या गोळीने ‘चमत्कार’ केला अशी बातमी देताना, ती किती माणसांवर तपासली, कशाशी तुलना केली आणि पैसे कुणी दिले, या तीन गोष्टी बातमीत आल्याच पाहिजेत. त्या नसतील तर ती जाहिरात समजावी.

राज्याच्या आरोग्य अंदाजपत्रकात अशा बिनफायद्याच्या प्रश्नांसाठी स्वतंत्र निधी असावा आणि त्याचे निष्कर्ष मराठीत, साध्या भाषेत, ज्या गावांत आणि वॉर्डांत चाचणी झाली तिथे जाऊन सांगण्याची सक्ती असावी. वाचकांनी आपापल्या आमदारांकडे ही मागणी लावून धरावी. आणि डॉक्टरांनी कधी चाचणीत सहभागी व्हाल का असे विचारले, तर घाबरून नकार देण्याआधी किंवा भिडेखातर सही करण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात: चाचणीचा नोंदणी क्रमांक काय आहे, दुसऱ्या गटाला काय मिळणार, इजा झाल्यास खर्च कोण करणार आणि निष्कर्ष आम्हाला कधी कळणार. नोंदणी झालेल्या प्रत्येक चाचणीची माहिती भारताच्या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही मोफत पाहता येते.